खोडलेल्या खुणांची किंमत

या लेखास निमित्त झाले ते एका छायाचित्राचे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'वर वर्गात बोलायचे होते, आणि १८५७ च्या त्या कुप्रसिद्ध काडतुसांची बंदूक प्रत्यक्षात दिसते तरी कशी हे मुलांना दाखवावे म्हणून मी एन्फिल्डचे एखादे स्वच्छ चित्र शोधत होतो. ते मिळाले एका अमेरिकी विक्रेत्याच्या सूचीत. बंदूक १८५३ च्या नमुन्याची. नळी काळवंडलेली, दस्त्याचे लाकूड जागोजागी पोचे पडलेले, पण शाबूत. नळीच्या मागच्या भागावर देवनागरी आकडे ठोकून उमटवलेले होते आणि त्यांच्या आधी 'श्री'. विक्रेत्याने वर्णनात 'नेपाळी खुणा' एवढीच नोंद केली होती. खाली डॉलरमधली किंमत. माझे काम खरे तर तेथेच संपले होते. पण सातासमुद्रापलीकडच्या विक्रीच्या मालावर आपली बाराखडी दिसल्यावर माणूस पुढे वाचत जातोच.

ती बंदूक तेथे कशी पोचली याची हकिकत प्रसिद्ध आहे. काठमांडूतल्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात नेपाळी सैन्याची कालबाह्य शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या रचून ठेवलेली होती : ब्राऊन बेस, ब्रन्सविक, एन्फिल्ड, मार्टिनी-हेन्री, आणि राणा घराण्यातील गेहेंद्र शमशेर यांनी आखलेली, नेपाळातच हाताने घडवलेली रायफल. तिला बाजारात 'गहेंद्र' म्हणतात. २००३ साली हा साठा दोन अमेरिकी व्यापारी संस्थांनी मिळून विकत घेतला आणि हजारो बंदुका बोटीने अमेरिकेस गेल्या. नेपाळच्या पलटणींच्या नावाआधी 'श्री' लावण्याची रीत आहे. श्रीनाथ, श्री काली बहादुर अशी ती नावे. पलटणीला 'श्री' म्हणणारी ही दृष्टी खंडेनवमीस शस्त्रांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाला मुळीच परकी नाही. विकत घेणाऱ्याच्या लेखी मात्र ते अक्षर म्हणजे एक नक्षी.

'डिस्पोजल' हा शब्द आता मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेले बूट, घोंगड्या, तंबू, जीप असे सर्व काही या एका शब्दाखाली आपल्या शहरांतून विकले गेले. बंदुका मात्र आपल्याकडे त्या बाजारात आल्या नाहीत. येणे शक्यही नव्हते. अमेरिकेत त्या आल्या, आणि पिंपांतल्या खारकांसारख्या विकल्या गेल्या. १९६३ च्या मार्च महिन्यात ली हार्वे ऑस्वाल्ड याने टपालाने मागवलेली इटालियन कार्कानो रायफल दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट किमतीची होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने काय केले हे जगाला ठाऊक आहे. १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री थांबली आणि परदेशी लष्करी मालाच्या आयातीचे दारही बंद झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास ते पुन्हा किलकिले झाले, तेही 'दुर्मीळ व ऐतिहासिक' अशा सदरात, म्हणजे सामान्यतः पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांपुरते. मग सोव्हिएत संघ कोसळला आणि पूर्व युरोपच्या कोठारांतून चिकट तपकिरी ग्रीजने माखलेल्या मोसिन-नागांत रायफलींच्या पेट्याच्या पेट्या बाहेर पडल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत अशी एक रायफल शंभर डॉलरच्या आत मिळत असे. आज साध्या मोसिनलाही चारशे डॉलर आणि त्याहून अधिक मोजावे लागतात.

भाव का चढले याची कारणे सरळ आहेत. कोठारे रिकामी झाली. महायुद्धे लढणाऱ्या राष्ट्रांनी कोटींच्या संख्येने लाकडी दस्त्याच्या बंदुका घडवल्या होत्या. तशा आता कोणी घडवीत नाही, त्यामुळे नवा साठा निर्माण होण्याचा प्रश्नच नाही. २०१४ नंतरचे रशियावरचे निर्बंध आले. 'एनिमी ॲट द गेट्स'सारखा २००१ चा चित्रपट आणि त्यानंतरचे महायुद्धाचे संगणकीय खेळ यांनी एका पिढीला या बंदुकांची नावे तोंडपाठ करून दिली. ती पिढी आता मिळवती झाली आहे. इथिओपियातून इटालियन ताब्याच्या काळातील कार्कानो आल्या, फिलिपाइन्स आणि तुर्कस्थानातून अमेरिकेच्याच गरँड रायफली परत आल्या, तेव्हा तेवढ्यापुरता भाव स्थिरावला, इतकेच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही सापडणार नाही.

मला ज्याविषयी लिहायचे आहे ती गोष्ट निराळी आहे. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन बंदुकांच्या किमतींत दुपटी-चौपटीचा फरक पडतो तो कशामुळे? या बाजाराचे उत्तर एका शब्दात देता येते : मौलिकता. बोल्ट, नळी, दस्ता यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. लाकूड घासलेले नको. लोखंडाचा रंग कारखान्यातला हवा. कोणी दुरुस्ती केली असेल, सुटे भाग बदलले असतील, कोणी आपला शिक्का मूळ शिक्क्यावर मारला असेल, तर किंमत उतरते. अमेरिकी कायद्यानुसार आयातदाराला आपले नाव बंदुकीवर कोरावे लागते. ती बारीक ओळसुद्धा खरा शौकीन सहन करीत नाही. थोडक्यात, शस्त्र सैनिकाच्या हाती पडण्यापूर्वी जसे होते तसेच ते राहिलेले असावे. ज्या युद्धाच्या नावावर ते विकले जाते त्या युद्धाने त्याला शक्य तेवढे कमी शिवलेले असावे!

हे वरवर निरागस वाटते. पण जर्मन माऊझर रायफलींच्या बाबतीत या निकषाचे काय होते ते पाहावे. हिटलरच्या सैन्याने वापरलेल्या या रायफली लाखांनी सोव्हिएत सैन्याच्या हाती लागल्या. युद्धानंतर त्या कोठारांत नेऊन सुट्या केल्या गेल्या, साफ झाल्या, ज्याचा भाग ज्याला बसेल तसा बसवून पुन्हा जोडल्या गेल्या. बोल्टवर नवे क्रमांक खरडले गेले, आणि पुष्कळशा बंदुकांवरचे गरुड आणि त्याच्या पायातले स्वस्तिक (हा शब्द अशा ठिकाणी लिहिताना मराठी माणसाचा हात थोडा अडखळतोच) ठोकून ठोकून पुसट केले गेले. युगोस्लाव्हियाने त्याच जातीच्या रायफलींवरच्या जर्मन खुणा काढून आपले प्रजासत्ताकाचे चिन्ह मारले. बाजारात या बंदुका दुय्यम. जिचे क्रमांक जुळतात आणि जिच्यावरचा गरुड सुस्पष्ट आहे ती अव्वल. आणि एखाद्या अमेरिकी सैनिकाने ती स्वतः युद्धावरून आणली असल्याचा कागद सोबत असेल, तर विचारायलाच नको.

म्हणजे ज्या सैन्याने बर्लिनपर्यंत जाऊन तो गरुड ठोकून काढला, त्याच्या हातोडीला बाजार 'नुकसान' म्हणतो. मला हे वाक्य लिहून झाल्यावर ते अतिरंजित तर नाही ना अशी शंका आली. म्हणून मी पुन्हा पुष्कळ वर्णने वाचली. तसे ते नाही. 'खुणा दुर्दैवाने खोडलेल्या' या अर्थाची शब्दयोजना वारंवार भेटते. दुर्दैव कोणाचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आणि जेथे मौलिकतेला असा भाव येतो तेथे नकलाकार येणारच. पुसलेले गरुड पुन्हा ठोकून देणारे, एस्‌एस्‌ची खोटी मुद्रा उमटवणारे कारागीर या व्यापारात आहेत, आणि त्यांची लबाडी ओळखण्याचे शास्त्रही तयार झाले आहे. खोट्या स्वस्तिकाबद्दल जो संताप तेथे दिसतो तो फसवणुकीचा संताप असतो; स्वस्तिकाबद्दल तो नसतो.

अर्थात अपवाद आहेत. १९४८ मध्ये इस्रायलला चेकोस्लोव्हाकियाकडून ज्या माऊझर मिळाल्या त्यांतल्या काही जर्मन सैन्यासाठीच घडलेल्या होत्या. इस्रायलने त्यांच्यावर डेव्हिडचा तारा आणि हिब्रू अक्षरे मारली, आणि पुढे त्यांची नळी बदलून त्या नव्या काडतुसांना योग्य केल्या. मौलिकतेच्या काट्यावर या बंदुका पार नापास व्हायला हव्यात, आणि बराच काळ त्या स्वस्तच होत्या. आता त्यांचा स्वतंत्र शौकीन वर्ग तयार झाला आहे. गरुडाशेजारी तारा असलेल्या लोखंडाच्या एका तुकड्यात काय लिहिले आहे हे निदान काही लोकांना वाचता आले, असे यावरून म्हणता येईल. बाजार कधीकधी शहाणाही होतो. फक्त उशीर लावतो.

येथे माझ्याच व्यवसायावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. आम्ही मराठीचे अध्यापक तरी वेगळे काय करतो? 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी भटजींच्या मजकुरात फेरफार केले, म्हणून आपण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापलेल्या मूळ हस्तलिखिताच्या पाठाकडे वळतो. प्रक्षेप, भेसळ, मागाहूनचा हात हे सारे आमच्याही शब्दकोशात दोषवाचकच आहेत. मग बंदुकीच्या शौकिनाने मूळ शिक्का मागितला तर बिघडले कोठे? मला वाटते, फरक एवढाच की पाठचिकित्सा मागाहूनचा हात फेकून देत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा संहितेत न घेतलेले श्लोकसुद्धा तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. कोणत्या प्रांतात, कोणत्या लिपीच्या प्रतींत कोणी काय घातले याची नोंद त्या आवृत्तीत मिळते, आणि पुष्कळ अभ्यासकांना मूळ संहितेपेक्षा तीच अधिक बोलकी वाटते. वैद्यांची आवृत्तीही आपण रद्दीत घातलेली नाही. १९०७ साली छापील मराठीत काय सांगण्याची सोय होती हे तीच सांगते.

या दृष्टीने पाहिले तर बाजारात सर्वांत मजकुराने भरलेली बंदूक बहुधा फिनलंडहून आलेली मोसिन ठरेल. पहिल्या महायुद्धात झारच्या सैन्याला रायफली पुरेनात, म्हणून रशियाने अमेरिकेतल्या कारखान्यांना काम दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊसने त्या मोठ्या संख्येने घडवल्या. त्यांतल्या काही रशियाला पोचल्या, तेथून फिनलंडच्या हाती लागल्या, तेथे त्यांना नव्या नळ्या बसल्या, चौकटीतली 'एस्‌ए' ही फिनी सैन्याची मुद्रा बसली, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच रायफली डिस्पोजलचा माल म्हणून परत अमेरिकेत उतरल्या. झारचा गरुड, अमेरिकी कारखान्याचे नाव, फिनी मुद्रा आणि आयातदाराची बारीक ओळ असे सारे एकाच लोखंडावर! फिनी मोसिनच्या बाबतीत बाजाराला हे थोडेफार कळते, हे मान्य केले पाहिजे. पण तेथेही कायद्याने एक गंमत करून ठेवली आहे. १८९८ पर्यंत घडलेले शस्त्र अमेरिकेत 'पुरातन' ठरते आणि परवान्याच्या बऱ्याच कटकटींतून सुटते. फिनी लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुळवलेल्या रायफलीत जर १८९० च्या दशकातला जुना सांगाडा वापरलेला असेल, तर तो एक आकडा सापडताच तिची किंमत उडी घेते. सांगाडा उलटून वर्ष पाहणाऱ्या माणसाला १९४० चे हिवाळे दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट या भावांच्या चर्चेत नेहमी निसटते. एखादे शस्त्र 'जुने' झाले हे कोण ठरवते? २०२२ च्या वसंतात डोनेत्स्क भागात रशियाच्या बाजूने जबरदस्तीने भरती केलेल्या माणसांच्या हातांत मोसिन-नागांत दिल्याच्या बातम्या आणि छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. टेनेसीतल्या एखाद्या घरात काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू आणि तिचीच बहीण खंदकात, एकाच आठवड्यात. कपाटातल्या बहिणीचा भाव त्या आठवड्यात नक्कीच उतरला नसेल.

आता आपल्याकडे वळतो. इंग्लंडची ली-एन्फिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून घडू लागली. तिची काडतुसे आपल्या खडकीतही होत. त्यांच्या बुडावरची 'केएफ्' ही अक्षरे आज ओहायोतले संग्राहक भिंगाने वाचतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या ईशापुरी रायफलीवर मुकुट आणि सम्राटाची आद्याक्षरे आहेत, नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह. सत्तांतराचे इतके थोडक्यात केलेले वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी आपले जवान याच बोल्टच्या रायफली घेऊन उभे होते. त्या पराभवानंतर ईशापूरने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदलून काढली; पुढे १९८०-९० च्या दशकांत तिचे अनेक नग अमेरिकेत स्वस्तात विकले गेले आणि आता त्यांचेही दिवस पालटले आहेत.

जे येथे राहिले त्यांचे काय? .३०३ हा आपल्या शस्त्रकायद्याप्रमाणे निषिद्ध बोअर असल्यामुळे सामान्य नागरिकाच्या हाती ती जाण्याचा प्रश्न नाही, आणि तो तसाच असावा असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी बाजाराबद्दल मला जे कुतूहल वाटते ते हेवा म्हणून नाही. आपल्याकडे ती पोलिसांकडे राहिली, फार काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या मारेकऱ्यांवर झाडली गेली ती हीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. आणि ज्या कोणी महाविद्यालयात असताना एन्‌सीसी केली असेल त्यांना 'डीपी' रायफल आठवत असेल : 'ड्रिल पर्पज', म्हणजे कायमची निकामी केलेली, फक्त खांद्यावर घेऊन चालण्यासाठी उरलेली. उन्हात तापलेल्या त्या नळीचा चटका आणि खांद्यावर उमटलेला वळ माझ्याही वाट्याला आला आहे. बाजारात डीपी रायफल जवळजवळ मातीमोल. पण एकेका डीपी रायफलीखालून किती मुले गेली असतील, त्यांतली किती पुढे खरोखरीच सैन्यात गेली असतील!

निवृत्त झालेल्या बंदुकांची वाट आपल्याकडे भट्टीकडे जाते. त्याला माझा विरोध नाही. लोखंड वितळावे. परंतु आपल्या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे, जी त्या महागड्या अमेरिकी बाजाराकडे सहसा नसते. आपल्या प्रत्येक बंदुकीला बट नंबर असतो, आणि शस्त्रागाराच्या नोंदवहीत त्या नंबरासमोर ती ज्याला दिली त्या शिपायाचे नाव, तारीख आणि सही असते. लॉरेन्स ऑफ अरेबियाची रायफल आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. गॅलिपोलीत तुर्कांनी ती ब्रिटिशांकडून जिंकली, एन्वर पाशाने फैसलला दिली, फैसलने लॉरेन्सला, हा तिचा सारा प्रवास ठाऊक आहे, कारण ती लॉरेन्सची. सामान्य शिपायाच्या बंदुकीचा असा प्रवास कोणाला ठाऊक असायचा असेल तर तो त्या कळकट नोंदवहीतच सापडेल. आणि मुदत संपली की सरकारी नोंदवह्यांची रवानगीही रद्दीतच होत असते.

माझी सूचना फार लहान आहे. जिल्ह्याजिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयांत ज्या थ्री-नॉट-थ्री भट्टीच्या वाटेवर आहेत त्यांची भट्टीपूर्वी छायाचित्रे घ्यावीत. मुकुट की सिंह, साल कोणते, मागाहून कोणी काय खोडले आणि काय ठोकले हे टिपावे. आणि बट नंबरांच्या वह्या पुराभिलेखागाराच्या स्वाधीन कराव्यात. इतिहास विभागाचे आणि, का नको, मराठी विभागाचे विद्यार्थी हे काम एका उन्हाळी सुट्टीत करू शकतील. सुरक्षेचे कारण पुढे येईल हे मी जाणतो. पण वितळलेल्या बंदुकीच्या जुन्या वहीत कोणते गुपित शिल्लक राहते, हे मला समजावून घ्यायला आवडेल.

ती नेपाळी एन्फिल्ड विकली गेली. हे लिहायला बसण्यापूर्वी मी सूचीत पुन्हा पाहिले, तर किमतीच्या जागी 'विकली' असा शेरा होता. छायाचित्र अजून तेथे आहे. 'श्री'नंतरचे आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत. काठमांडूत त्यांच्यासमोर एखादे नाव लिहिलेली वही असेल, तर ती कोणाकडे मागायची याचा शोध चालू आहे.